हिसेमुरोचा दस्त आणि दाराआडचा कागद

मी, निबुया सावाको, वय वर्षे त्र्याऐंशी, अविवाहित, राहणार ओत्सु, बिवा सरोवराच्या दक्षिण काठी, पेशाने मध्ययुगीन इतिहासाची प्राध्यापिका, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. डोक्याने शाबूत आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत, त्यामुळे लिहिलेले मला दिसतेही. धाक किंवा भीड कोणी घातलेली नाही. माझी भाची चिनात्सु हिने फक्त एकदा फोनवर विचारले होते, "आत्या, त्या पुस्तकांचं काय करायचं ते तरी लिहून ठेवशील का? मला स्वप्नातसुद्धा खोकी दिसतात." याला दडपण म्हणत नाहीत.

आमच्या कायद्याप्रमाणे स्वहस्ते लिहिलेल्या, तारीख घातलेल्या आणि शिक्का मारलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेतले आहेत. त्यांच्यासमोर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हते.

सन २०११ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्याच्या नवव्या कलमात असे होते की, माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या डाव्या खणातील तपकिरी पाकीट कोणीही न उघडता जाळावे. ते पाकीट आता खणात नाही. ते कोठे गेले आणि का गेले, हे खाली येईलच. आधी व्यवहाराचे उरकते.

कलम १. ओत्सु येथील माझे दुमजली घर, मागच्या अंगणासह, चिनात्सुला द्यावे. ती नागोयाला दातांची डॉक्टर आहे, येथे येऊन राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. विकले तरी चालेल. शेजारच्या ओगाता यांच्याशी पर्सिमॉनच्या झाडावरून माझा एकोणीस वर्षे वाद होता. झाड त्यांचे, पाने माझ्या अंगणात. तो वाद मी सोडून देते. यंदा त्यांनी टोपली भरून फळे आणून दिली आणि मी ती घेतली. घर विकताना त्यांना आधी विचारावे.

कलम २. बँकेत जे असेल त्याचे दोन भाग करावेत. एक चिनात्सुला. दुसरा हिसेमुरो गावच्या बायकांच्या कान्नोन मंडळाला, देवळाच्या छपरासाठी. उत्तरेकडची बाजू गळते.

कलम ३. पुस्तके. कोश, दस्तांच्या छापील मालिका आणि माझी टिपणांची कार्डे जिल्हा ग्रंथालयाने घ्यायचे कबूल केले आहे. त्यांचे पत्र पहिल्या खोक्यात आहे. चिनात्सु, तू आता निवांत झोप. मी स्वतः लिहिलेल्या पुस्तकाच्या तेवीस प्रती वेगळ्या बांधून ठेवल्या आहेत. प्रत्येक प्रतीत माझ्या हातची चिठ्ठी आहे: "तिसरे प्रकरण चुकीचे आहे. का चुकीचे आहे ते कुझुओका आणि लेखिका यांच्या २०२५ सालच्या लेखात पाहावे." चिठ्ठी काढून प्रत देऊ नये.

कलम ४. एक ॲल्युमिनियमची किटली. ही विद्यापीठाच्या इतिहास विभागाची आहे. निवृत्तीच्या दिवशी मी ती पिशवीत घालून घरी आणली. चोरीच ती. विभागात मी एकटीच स्त्री होते आणि बैठकीत चहा ओतायचे काम सलग अकरा वर्षे माझ्याकडे होते, सहप्राध्यापक झाल्यावरसुद्धा. त्यातल्या एका बैठकीत एक ज्येष्ठ गृहस्थ कप पुढे करत म्हणाले होते, "निबुयाबाई, तुमच्या चहात जे मुरलेलं असतं ते तुमच्या लेखांत का नसतं?" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला फार राग होता. पुढचे सगळे सांगण्यापूर्वी हे सांगितले, ते सबब म्हणून नव्हे. माझी मान तेव्हा किती ताठ होती हे कळावे म्हणून. किटली भंगारात टाकावी.

कलम ५. आता दस्ताविषयी.

सन १९७३ च्या शरदात, एकतीस वर्षांची असताना, सरोवराच्या उत्तरेकडील डोंगरात हिसेमुरो या गावी मी गेले. देवळात पुजारी राहत नव्हता. किल्ली कान्नोन मंडळाच्या बायकांकडे असे. कान्नोन या करुणेच्या देवतेची दर महिन्याला पूजा करायची, तिच्या नावाच्या शेतातल्या भाताची मोची, म्हणजे चिकट गोळे, कुटायची, आणि मग दुपारभर गप्पा मारायच्या, असे हे मंडळ. तेव्हा हामुरा यासुए ही मंडळातली सर्वांत तरुण सून होती, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी तिला यासुएवहिनी म्हणू लागले ते आजतागायत. तिच्या सासूबाईंनी मला देवघरामागची पेटी उघडून दिली.

पेटीत एक दस्त होता. सन १३३९. जोआ नावाची एक भिक्षुणी आपल्या मृत्यूपूर्वी लिहून देते की, माझे शेत या गावातल्या स्त्रियांच्या कान्नोन मंडळाला दिले आहे. त्यावर कोणा पुरुषाचा, कोणा देवळाचा, कोणा जमीनदाराचा हक्क नाही. जो हक्क सांगेल त्याला देवतांचा कोप होवो. चौदाव्या शतकात स्त्रियांच्या मंडळाच्या नावावर जमीन! असा कागद तोवर कोणी पाहिलेला नव्हता. मी चटईवर बसून रडले. यासुएवहिनीच्या सासूबाईंनी मला गरम पाणी दिले आणि पाठीवरून हात फिरवला.

त्या कागदावर माझे पुस्तक उभे राहिले, पुस्तकावर माझी नोकरी, आणि नोकरीवर मी.

कलम ६. कुझुओका शिगेमिची. हे माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्या वेळी क्योतोत हंगामी अध्यापक होते आणि तेथल्याच एका विद्यापीठात कायम जागेसाठी त्यांचे नाव होते. सन १९८४ च्या परिषदेत ते उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "दस्तात गावाचं नाव 'हिसेमुरो' आहे. पण १३३९ साली हिसेमुरो नव्हतं. हिसे आणि मुरो ही दोन वेगळी खेडी होती. ती एक झाली त्यानंतर तीनशे वर्षांनी. जो शब्द अजून जन्मलाच नव्हता, तो भिक्षुणीने लिहिला कसा?"

मी उत्तर दिले. लोक बोलताना दोन्ही नावे आधीपासूनच जोडून घेत असावेत, असे काहीसे. ते लंगडे होते हे मला बोलतानाच कळत होते. म्हणून शेवटी मी म्हणाले, "कुझुओका हिसेमुरोला कधी गेले आहेत का? गाव पुस्तकाच्या सूचीत भेटलं की पायाला चिखल लागत नाही, हे खरं." सभागृह हसले. या वेळचे हसणे माझ्या बाजूचे होते. मला ते फार गोड लागले.

दोन महिन्यांनी त्या कायम जागेच्या समितीने माझे मत मागवले. मी एक ओळ लिहिली: "हुशार आहेत, परंतु पुराव्याबाबत उतावीळ." जागा दुसऱ्याला मिळाली. ते पत्नीला घेऊन उत्तरेला आकिताला गेले आणि मुलींच्या एका लहान कॉलेजात सत्तावीस वर्षे शिकवत राहिले.

कलम ७. तपकिरी पाकीट.

आमच्याकडे सरकत्या कागदी दारांच्या आत जुने रद्दी कागद थरावर थर चिकटवून दार जाड करतात. सन १९९२ मध्ये हिसेमुरोच्या देवळातले एक दार फाटले, तेव्हा त्याचे थर सोडवायला मंडळाने मला बोलावले. पाण्याची वाफ द्यायची, बांबूची पट्टी सरकवायची, थर उचलायचा. मी एकटीच बसले होते. चौथ्या थरात तो कागद निघाला.

त्यावर 'जोआ' हे नाव तीनदा गिरवलेले होते. खाली माझ्या दस्ताच्या पहिल्या चार ओळी, तेच वळण, तीच ठेवण. कडेला बारीक अक्षरात: "शाई जास्त झाली. पुन्हा." कागद उलटला. मागे कोणाचे तरी जुने पत्र होते, तारीख १६८६.

कच्चा खर्डा. कोणीतरी १६८६ नंतर, वापरलेल्या पत्राच्या पाठीवर, चौदाव्या शतकातल्या भिक्षुणीची सही गिरवत बसले होते. कुझुओकांचे बरोबर होते. दस्त बनावट होता.

बाहेर बायकांचा मोची कुटण्याचा आवाज येत होता. मी कागद वहीत घातला, वही पिशवीत घातली, आणि बाहेर जाऊन म्हणाले, "काही विशेष नाही. जुनी पत्रं आहेत." मग त्यांच्याबरोबर मोची खाल्ली. पन्नास वर्षांची बाई, विभागाची प्रमुख, देवळातला कागद चोरून मोची खात होती. लिहायला मला लाज वाटते, हे येथे नोंदवून ठेवते.

एकतीस वर्षे मी तो कागद ठेवला. फाडला नाही. कागद फाडण्याची ताकद माझ्यात कधीच नव्हती, तेवढे एक शिल्लक होते. मी जोआवर पुन्हा लिहिले नाही. कुझुओकांविरुद्धही कधी बोलले नाही. लोकांना वाटले मी मोठ्या मनाची आहे.

कलम ८. सन २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हिसेमुरोहून पत्र आले. गावात सातच घरे उरली आहेत. देवळासमोर जोआ भिक्षुणीच्या स्मरणार्थ दगड उभारायचे ठरले आहे. कोरायचा मजकूर बाईंनी द्यावा.

दगडावर. मी चार दिवस मेजाशी बसले. पुस्तकात चूक असली तर पुढचा माणूस ती दुरुस्त करतो. दगड पावसात उभा राहून तेच सांगत राहतो. पाचव्या दिवशी मी खण उघडला, पाकीट बाहेर काढले आणि विद्यापीठाच्या जुन्या यादीतून कुझुओकांचा पत्ता शोधला. फोन केला नाही. फोनवर मी खोटे बोलले असते.

फेब्रुवारीत मी आकिताला गेले. कमरेएवढा बर्फ. त्यांनी दार उघडले, मला पाहिले आणि म्हणाले, "पादत्राणं आत घ्या, बाहेर गोठतील." दुसरे काही नाही. घरात एकटेच होते. भिंतीवर पत्नीचा, फुमी यांचा, फोटो. चहा आणि धुरावलेल्या मुळ्याचे लोणचे माझ्यासमोर ठेवून ते बसले. मी पाकीट त्यांच्यापुढे सरकवले.

त्यांनी भिंग आणले. कागद पाहिला. उलटा केला. पुन्हा सुलटा केला. चहा गार झाला.

"कोणत्या साली सापडला?"

"ब्याण्णव."

"ब्याण्णवला फुमी होती," ते म्हणाले. "तिला वाटायचं, मी चुकलो असेन आणि कबूल करत नसेन. म्हणाली नाही कधी. पण क्योतोच्या बातम्या लागल्या की ती उठून स्वयंपाकघरात जायची. दोन हजार सतरात गेली. तिला हा कागद दाखवता आला असता."

मी जमिनीला डोके टेकवून माफी मागितली. उठायला मला वेळ लागला, गुडघ्यांमुळे. त्यांनी हात दिला नाही.

"निबुयाबाई," शेवटी ते म्हणाले, "मला तुमचा राग आहे. तो आज जाणार नाही आणि उद्याही जाणार नाही. तो बाजूला ठेवू. हे कडेचं वाचलंत का नीट?"

"'शाई जास्त झाली. पुन्हा.'"

"शब्द नव्हे हो! अक्षर. वरच्या चार ओळी पाहा. ताठ, पुरुषी, अधिकाऱ्यासारख्या. सोंग घेतलंय. पण कडेची टीप स्वतःसाठी लिहिलीय, तिथे सोंग नाही. ही उतरती वळणं, हे जोडून लिहिणं, हे बाईचं पत्र लिहिण्याचं अक्षर आहे. दस्त बाईने लिहिलाय."

एकतीस वर्षे तो कागद माझ्या घरात होता. मी तो फक्त माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून पाहिला. वाचला नव्हता. त्यांनी तो अर्ध्या तासात वाचला. येथे नोंदवते की कुझुओका शिगेमिची हे पुराव्याबाबत उतावीळ नव्हते आणि नाहीत. समितीला मी लिहिलेली ओळ मी मागे घेते. त्या विद्यापीठाला मी वेगळे पत्रही पाठवले आहे. त्यांचे उत्तर आलेले नाही, येईल असे वाटत नाही.

कलम ९. एप्रिलमध्ये आम्ही दोघे हिसेमुरोला गेलो. बसमधून उतरल्यावर कुझुओकांनी आपल्या बुटांकडे पाहिले. रस्त्यावर चिखल होता. ते म्हणाले, "चाळीस वर्षं उशीर झाला, पण लागला." मी तोंड दुसरीकडे फिरवले.

यासुएवहिनी आता नव्वदीच्या पुढे आहे आणि मंडळाची प्रमुख आहे. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. मला वाटत होते की, मी या बायकांची भिक्षुणी हिरावून घ्यायला आले आहे. त्यांच्या म्हाताऱ्या गावाकडे तेवढे एकच नाव होते. मी सगळे सांगितले, कागद चोरल्याचेही. सांगताना मी खाली पाहत होते. सांगून झाले तेव्हा वर पाहिले तर यासुएवहिनीचे खांदे हलत होते. मला वाटले रडते आहे.

ती हसत होती.

"अगं बाई बाई! म्हणजे तुम्ही एवढी वर्षं हे मनात घेऊन हिंडलात? बाई, आमच्याकडे हे सगळ्या सुनांना ठाऊक असतं."

"काय ठाऊक असतं?"

"की दस्त ओ-शिमोने लिहिलाय. गावच्या पाटलाची सून. देवळात वाढलेली पोर, लिहिता-वाचता येणारी. पलीकडच्या गावाने मंडळाचं शेत बळकावायला घेतलं, अधिकारी म्हणाला कागद दाखवा. कागद कुठला? शेत बायकांचं होतं पिढ्यान्‌पिढ्या, कागद नव्हता. मग बायकांनी मिळून ठरवलं, ओ-शिमोने लिहिला, आणि चुलीवर टांगून धुरवला. पिवळा झाला छान. अधिकाऱ्याने डोक्याला लावला आणि शेत आमचं म्हणून सांगितलं."

"जोआ?"

"जोआ ओ-शिमोच्या मांजरीचं नाव होतं म्हणतात. ते मात्र खरं की खोटं देव जाणे."

कुझुओकांनी वही काढली होती, ती तशीच हातात राहिली.

"पण वहिनी," मी म्हणाले, "मी पहिल्यांदा आले तेव्हा मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही कागद नाकाला लावलात आणि म्हणालात, 'सहाशे वर्षांचा वास!' माझ्या सासूबाई आत जाऊन तोंडात टॉवेल कोंबून हसल्या. मग बाहेर आल्या तर तुम्ही रडत होतात. आता रडणाऱ्या पोरीला काय सांगायचं? शिवाय हे सासूने सुनेला सांगायचं असतं, लग्नानंतरच्या पहिल्या पूजेला. पुरुषांना नाही, अधिकाऱ्यांना नाही. तुम्ही सून कुठे होतात?"



"आणि खरं सांगू का," ती पुढे म्हणाली, "तुमचं पुस्तक आलं ना, तेव्हा सरकारी रस्ता आमच्या शेतातूनच जाणार होता. खुणेच्या काठ्या रोवून झाल्या होत्या. पुस्तक दाखवलं, साहेब लोक आले, टोप्या काढल्या, रस्ता वळवला. म्हणून तर बसला तो मोठा वळसा पडतो."

यावर कुझुओका हसले. मी त्यांना हसताना कधी पाहिले नव्हते. ते इतके हसले की यासुएवहिनीने उठून त्यांना पाणी दिले. "तीनशे वर्षांनी!" ते म्हणाले. "निबुयाबाई, तुमच्या ओ-शिमोचा कागद दोन सरकारांना पुरला! आणि दुसऱ्या वेळी त्यावर शिक्का तुमचा होता!"

त्या क्षणी माझ्या छातीवरून काय उतरले ते मला दस्ताच्या भाषेत लिहिता येत नाही. साध्या भाषेत लिहिते. मला भूक लागली. एकतीस वर्षांत त्या स्वयंपाकघरात मी प्रथमच भूक लागून जेवले. भात, नदीतला भाजलेला मासा, रानभाजी. दोनदा वाढून घेतले.

जेवताना मी विचारले, हे लिहायचे की नाही. गुपित त्यांचे होते. मला आणखी काही चोरायचे नव्हते. यासुएवहिनीने मासा बाजूला सारला.

"माझी शेवटची सून चौतीस वर्षांपूर्वी आली. त्यानंतर गावात सूनच आली नाही. सांगायचं कोणाला? आम्हा सुनांनंतर ओ-शिमो कोणाला ठाऊक राहणार? लिहा. नीट लिहा. मांजरीचंसुद्धा लिहा."

कलम १०. कुझुओकांनी माझ्यासोबत काम केले. एक वर्ष आम्ही पत्रे, फोन आणि आगगाडी यांवर घालवले. यंदाच्या वसंतात लेख प्रसिद्ध झाला. त्यांचे नाव आधी आहे, आणि ते तसेच राहावे. पुढे कोणी तो लेख पुन्हा छापल्यास क्रम बदलू नये. मांजर तळटीप एकोणिसात आहे. काही तरुण विद्यार्थ्यांनी मला लिहिले की, ओ-शिमो त्यांना जोआपेक्षा अधिक आवडली. एकीने लिहिले, "बाई, तुम्हाला वाईट नाही वाटत?" मी उत्तर पाठवले: वाटले, एकतीस वर्षे वाटले, आता सवड नाही.

दगडही उभा राहिला आहे. त्यावर मी दिलेला मजकूर इतकाच आहे: "हे शेत हिसेमुरोच्या बायकांनी राखले."

कलम ११. देवळातली तीन दारे अजून उघडलेली नाहीत. त्यांच्या आत काय आहे मला ठाऊक नाही. माझ्या बांबूच्या पट्ट्या, कुंचले, वाफेची सुरई आणि भिंग मंडळाला द्यावे. यासुएवहिनीची धाकटी लेक आणि गावात नव्याने राहायला आलेले एक जोडपे यांना मी थर सोडवायला शिकवले आहे. त्यातला नवराच जास्त चांगला सोडवतो, आणि मंडळाने त्याला बसू द्यायचे ठरवले आहे. जे निघेल ते सगळे, ओ-शिमोच्या किंवा आमच्या लेखाच्या विरुद्ध असले तरी, प्रसिद्ध करावे. त्याच महिन्यात करावे. कोणी वहीत घालून नेऊ नये.

तपकिरी पाकिटातला कागद मी देवळाच्या पेटीत, दस्ताशेजारी ठेवला आहे.

कलम १२. माझ्या अस्थी. आमच्या कुटुंबाचे थडगे ओसाकाला आहे आणि तेथे माझ्या भावाशेजारी जागा आहे. अर्ध्या तेथे ठेवाव्यात, भावाला बरे वाटेल. उरलेल्या हिसेमुरोला न्याव्यात. मंडळातल्या बायकांची देवळामागे एक वेगळी जागा आहे. तेथे फक्त गावच्या लेकी आणि सुना. मी भीत भीत विचारले होते. यासुएवहिनी म्हणाली, "आता तुम्हाला सांगितलं ना ओ-शिमोचं? मग सून झालात की. आता पूजेला भांडी घासायला यावं लागेल." त्याच्या पुढच्या महिन्यापासून मी जातेच आहे. भांडी घासते.

चिनात्सु, मंत्रपाठ लांबवू नकोस. लोकांना जेवू घाल. कोणी रडले तर त्यांना मांजरीची गोष्ट सांग. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तूच करायची आहेस.

दुरुस्तीची नोंद. हे मृत्युपत्र साक्षीदारांनी वाचले, ऐकले. कुझुओका शिगेमिची यांनी कलम १० मधल्या दोन शब्दांवर बोट ठेवले. मी लिहिले होते, "कुझुओकांनी मला माफ केले." ते म्हणाले, "हे मी केलेलं नाही. दस्तात न घडलेली गोष्ट लिहायची नाही, हे तुम्हाला आता तरी कळायला हवं."

मी म्हणाले, "मग काय लिहू?"

"जे घडलं ते. तुमच्यासोबत काम केलं. आणि पुढच्या शरदात पुन्हा करीन, दारं उघडायची आहेत."

म्हणून "मला माफ केले" हे शब्द खोडून "माझ्यासोबत काम केले" असे लिहिले आहे. तीन शब्द खोडले, तीन घातले. कायद्याप्रमाणे खोडलेल्या जागी माझा शिक्का आहे. वर "दोन शब्दांवर बोट ठेवले" असे लिहिले, ते बरोबर आहे. 'मला' या शब्दावर त्यांनी बोट ठेवले नव्हते. हेसुद्धा त्यांनीच लिहायला लावले.

लिहून देणार: निबुया सावाको (सही आणि शिक्का)

साक्षीदार पहिला: कुझुओका शिगेमिची, राहणार आकिता (सही). सही करण्यापूर्वी दोनदा वाचले.

साक्षीदार दुसरी: हामुरा यासुए, राहणार हिसेमुरो (सही). चष्मा सापडला नाही, कुझुओकांनी वाचून दाखवले, ते ऐकून सही केली.

स्थळ: हिसेमुरो, हामुरा यांचे स्वयंपाकघर.
दिनांक: रेइवा सातवे वर्ष, म्हणजे सन २०२५, नोव्हेंबर महिन्याची अठरा तारीख, सकाळ. मोचीचे तांदूळ भिजत घातले आहेत.